संग्राहकांच्या भाषेचे व्याकरण : जर्मन मोटार-दलाच्या चिन्हांच्या निमित्ताने

जुन्या वस्तू जमविणाऱ्यांची म्हणून एक भाषा असते. नाणी, टपालाची तिकिटे, शस्त्रे, पदके यांच्या संग्राहकांनी पिढ्यान् पिढ्या घडविलेली ही भाषा शब्दसंपत्तीच्या दृष्टीने समृद्ध, वर्णनात काटेकोर आणि बहुतांशी निरुपद्रवी असते. भाषेच्या अभ्यासकांचे लक्ष तिच्याकडे क्वचितच जाते. प्रस्तुत लेखात तिच्या एका शाखेचे परीक्षण करावयाचे आहे. नाझी जर्मनीत मोटारचालकांचे एक निमलष्करी दल होते. त्याची चामडी शिरस्त्राणे, खंजीर, बक्कले, बाहुपट्ट्या आणि कापडी चिन्हे आज युरोप-अमेरिकेतील लिलावांत विकली जातात व त्यांच्यासाठी सचित्र संदर्भग्रंथही निघालेले आहेत. या ग्रंथांतील व लिलावसूचींतील वर्णनांची घडण हा येथील विषय होय. कोणी काय जमवावे याचा निवाडा करण्याचा हेतू नाही. परंतु वर्णनात कोणता शब्द येतो आणि कोणता येऊच शकत नाही, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या कक्षेतील आहे, आणि या ठिकाणी तो केवळ शास्त्रीय कुतूहलाचा राहत नाही.

प्रथम दलाच्या नावाचाच विचार करू. १९३० मध्ये ते स्थापन झाले त्या वेळी त्याच्या नावात ‘आउटोमोबिल’ हा शब्द होता. पुढच्याच वर्षी तो काढून त्या जागी ‘क्राफ्टफार’ हा शब्द घालण्यात आला, आणि ‘नात्सिओनालसोत्सियालिस्टिशेस क्राफ्टफारकोर’, संक्षेपाने एन. एस. के. के., हे नाव रूढ झाले. ‘आउटोमोबिल’ हा ग्रीक-लॅटिन मिश्रणाचा, फ्रेंचमधून आलेला शब्द. ‘क्राफ्ट’ म्हणजे शक्ती, ‘फारेन’ म्हणजे वाहनाने जाणे. ‘क्राफ्टफार्त्सॉइग’ ही यंत्रचलित वाहनाची कायदेशीर संज्ञा जर्मनीत १९०९ च्या वाहतूक-कायद्यापासूनच होती, तेव्हा हा शब्द नाझींनी निर्माण केला असे म्हणता येणार नाही. त्यांनी केले ते एवढेच की, कचेरीतला रुक्ष शब्द उचलून त्याच्या पूर्वपदातील ‘शक्ती’ जागी केली. ‘कोर’ हे उत्तरपद मात्र फ्रेंचच राहिले. लष्करी शब्दांच्या बाबतीत त्यांचा स्वदेशीचा आग्रह तितका कडक नसावा.

दलाच्या तुकड्यांची नावेही बोलकी आहेत. सर्वांत लहान मुख्य तुकडी ‘मोटोरश्टुर्म’, तीहून मोठी ‘मोटोरश्टाफेल’, त्यावर ‘मोटोरश्टान्डार्ट’. ‘श्टुर्म’ म्हणजे वादळ, तद्वतच हल्लाही. सामासिक शब्दाचे पूर्वपद कारखान्यातून व उत्तरपद रणांगणातून घेतलेले. जर्मन वाचकास ही दोन्ही पदे एकदम ऐकू येतात. इंग्रजीत लिहिलेल्या लिलावसूचीत मात्र हा शब्द भाषांतर न करता तसाच ठेवतात, आणि मग वनस्पतिशास्त्रातील लॅटिन नावांप्रमाणे तो निव्वळ जातिवाचक होतो, अर्थवाचक राहत नाही. या भाषेची पहिली लकब ही: ज्या शब्दात हिंसा ऐकू येते तो परभाषेत ठेवावयाचा.

येथे आपल्या भाषेसंबंधी एक अवांतर गोष्ट सांगण्याचा मोह होतो. मराठीत ‘बिल्ला’ व ‘पट्टा’ हे शब्द वस्तूपासून माणसापर्यंत सहज पोचतात. ‘पट्टेवाला’ म्हटले की कातड्याचा पट्टा दिसण्यापूर्वी तो बांधणारा शिपाई डोळ्यांपुढे उभा राहतो. चिन्हाने माणूस ओळखावा ही जुनी रीत आहे. संग्राहकांच्या भाषेत हीच दिशा उलट होते, चिन्ह उरते व माणूस त्याचे विशेषण होतो. दुसरी अडचण ‘स्वस्तिक’ या शब्दाची. या दलाच्या चिन्हात पंख पसरलेला गरुड, वर दलाची आद्याक्षरे असलेली पट्टी, आणि पायांपाशी चाकासारखे वर्तुळ व त्यात नाझी चिन्ह असे. जर्मन त्याला ‘हाकेनक्रॉइत्स’, म्हणजे आकड्यांचा क्रूस, म्हणतात. इंग्रजी सूचीत मात्र आपला संस्कृत शब्द वापरला जातो. उंबरठ्यावर रांगोळीने स्वस्तिक काढणाऱ्या मराठी वाचकाला हा शब्दप्रयोग खटकावा यात नवल नाही. प्रस्तुत लेखात म्हणून जर्मन नावाचाच अर्थानुवाद स्वीकारला आहे.

आता नोंदींच्या घडणीकडे वळू. पुढील नोंद कोणत्याही विशिष्ट सूचीतील नाही. अशा नोंदींच्या धर्तीवर ती नमुन्यादाखल रचली आहे: ‘शिरस्त्राण, एन. एस. के. के., काळे चामडे. पुढे पांढऱ्या धातूचा गरुड, टोके मागे वळविलेली, मूळची. अस्तर पूर्ण, कसर नाही. हनुवटीचा पट्टा लवचिक. तत्कालीन शाईत नाव. प्रामाणिक झीज.’ या नोंदीत ‘नाही’ सोडल्यास एकही क्रियापद नाही. कर्ता नाही, काळ नाही, प्रयोग नाही. जे कृदंत आहे (‘वळविलेली’) ते कारागिराच्या क्रियेचे आहे, परिधान करणाऱ्याच्या क्रियेचे कृदंत एकही नाही. गरुडाची टोके वळविणाऱ्या हाताचा उल्लेख होतो. ते शिरस्त्राण डोक्यावर चढवून कोणी कोठे गेले याला मात्र या वाक्यरचनेत जागाच नाही. सूचीची भाषा थोडक्यात असावी लागते हे कबूल. पण थोडक्यात लिहिणाराही काय गाळावे याची निवड करीतच असतो.

विशेष लक्ष देण्यासारखी आहेत ती विशेषणे. झिजेला ‘प्रामाणिक’ म्हणतात. म्हणजे झीज मुद्दाम केलेली नसून वापराने झालेली. वस्तू ‘अस्पर्शित’ असते, म्हणजे विक्रेत्याने तिची डागडुजी केलेली नसते. ‘पाठ्यपुस्तकी’ नमुना म्हणजे संदर्भग्रंथातील वर्णनाशी तंतोतंत जुळणारा. शिवण, शाई, दुरुस्ती ‘तत्कालीन’ असते. इंग्रजीत यासाठी नुसता ‘पीरियड’ हा शब्द योजतात, आणि तो सर्वांत उपयुक्त ठरतो, कारण कोणता काळ हे सांगण्याची गरजच तो नाहीशी करतो. वस्तू दोस्त सैन्यातील एखाद्या सैनिकाने युद्धानंतर घरी आणली असेल तर तिला ‘सैनिकाने आणलेली’ असे म्हणतात. संपूर्ण नोंदीत क्रिया करणारा माणूस येतो तो बहुधा एवढाच, आणि त्याची क्रिया ती वस्तू उचलून नेण्याची. प्रामाणिकपणा, अस्पर्शितता, सत्यता हे सारे नैतिक शब्द माणसांकडून निघून कापडाकडे व चामड्याकडे आलेले आहेत. अमेरिकन विदुषी सूझन स्ट्युअर्ट यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात संग्रहाविषयी असे मत मांडले आहे की, संग्रह इतिहासाच्या जागी वर्गीकरण आणून बसवितो. प्रस्तुत उदाहरणात त्याहून थोडे अधिक घडते: येथे वर्गीकरणाबरोबर एक नीतीही येते, आणि ती नीती टाक्यांची आहे.

संदर्भग्रंथांच्या नावांतही हा क्रम दिसतो. अमेरिकेतील बेन्डर प्रकाशनाने या क्षेत्रात दीर्घकाळ ग्रंथ काढले. अँगोलिया व लिटलजॉन यांचा या मोटार-दलावरील व त्याच्या वैमानिक भावंडावरील ग्रंथ १९९४ चा. त्याच्या उपशीर्षकात गणवेश प्रथम, मग संघटना, आणि इतिहास शेवटी. ग्रंथ परिश्रमपूर्वक केलेला आहे, आणि संग्राहक त्याच्यावर विसंबतात ते उगाच नाही. आक्षेप आहे तो क्रमावर.

या प्रकारच्या ग्रंथांवर साहित्यसमीक्षकाने पूर्वी लिहिलेच नाही असे नाही. सूझन सोन्टाग यांनी १९७५ मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधाचा उत्तरार्ध जॅक पिया यांच्या एस. एस. दलाच्या गणवेशावरील एका स्वस्त चित्रमय पुस्तकाला वाहिलेला आहे. त्या पुस्तकाचे आकर्षण कामुक आहे, त्या काळ्या गणवेशात क्रौर्य आणि सौंदर्य यांची सांगड घातली गेली आहे, असे त्यांचे प्रतिपादन. एस. एस.च्या बाबतीत ते पटण्यासारखे आहे. पण मोटार-दलाला ते लागू पडत नाही, आणि म्हणूनच सोन्टाग यांच्या विवेचनाची मर्यादा येथे उघड होते. मोटार-दलाच्या वस्तूंत मोहक असे काही नाही. त्यांचे आकर्षण अगदी निराळे, जवळजवळ घरगुती आहे. शर्यती, सहली, रस्त्यावरील मदत, तरुणांना मोटारसायकल शिकविणे, चौकातील वाहतूक वळविणे! ‘ते तर नुसते मोटारवाले होते’ ही भावना या संग्रहांच्या मुळाशी असते. एस. एस.चे चिन्ह जमविणाऱ्यास स्वतःचे समर्थन करावे लागते. मोटार-दलाचे जमविणाऱ्यास ते करण्याची गरज भासत नाही. समीक्षेने लक्ष द्यावयास हवे ते येथे, कारण मोहापेक्षा निरुपद्रवीपणा अधिक काळ टिकतो.

हा निरुपद्रवीपणा मुळातच रचलेला होता, हे ज्याने प्रथम ओळखले तो भाषेचाच अभ्यासक होता. व्हिक्टर क्लेम्परर हे ड्रेस्डेन येथील रोमान्स भाषांचे प्राध्यापक. ज्यू म्हणून १९३५ मध्ये त्यांना अध्यापनातून काढून टाकण्यात आले. नाझी राजवटीच्या भाषेवरील त्यांचा ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षक ‘एल. टी. आय.’ हेच मुळी त्या राजवटीच्या संक्षेपप्रियतेचे विडंबन आहे. ‘एन. एस. के. के.’ हे अक्षरचतुष्टय त्याच जातीचे. ग्रंथाच्या आरंभी, प्रस्तावनेऐवजी लिहिलेल्या प्रकरणात, ते नाझी वीरत्वाला तीन गणवेश देतात. पहिला सभागृहात मारामारी करणाऱ्या तपकिरी सदऱ्याच्या स्वयंसेवकाचा, तिसरा युद्धकाळातील रणगाडाचालकाचा. या दोहोंच्या मध्ये, शांततेच्या वर्षांत, येतो तो शर्यतीतील मोटारचालक: शिरस्त्राण, चष्मा, जाड हातमोजे, आणि पुढे रोखलेली नजर. २८ जानेवारी १९३८ रोजी फ्रँकफुर्ट-डार्मश्टाट महामार्गावर वेगाचा विक्रम करताना मरण पावलेला बेर्न्ड रोझेमायर हा क्लेम्परर यांच्या दृष्टीने या मधल्या वीराचा नमुना. रोझेमायर स्वतः एस. एस.चा सभासद होता, मोटार-दलाचा नव्हे. पण जर्मनीतील मोटार-शर्यतींवर त्या वर्षांत अधिकार चालत होता तो मोटार-दलाचा प्रमुख आडोल्फ ह्यूनलाइन याचा. क्लेम्परर यांच्या क्रमात मोटारचालक मध्यभागी आहे याला महत्त्व आहे. रस्त्यावरची मारामारी आणि रणांगण यांच्यामधले अंतर त्याच्या गाडीने तोडले.

क्लेम्परर यांना मोटारीचा तिटकारा होता असे कोणी समजू नये. पन्नाशी उलटून गेल्यावर ते गाडी चालवावयास शिकले, १९३६ मध्ये त्यांनी एक जुनी ओपेल विकत घेतली, आणि त्यांच्या रोजनिशीत त्या गाडीच्या कौतुकाच्या व तक्रारींच्या नोंदी भरपूर आहेत. नोकरी गेलेल्या, मित्र दुरावलेल्या माणसाला तेवढाच मोकळा श्वास होता. डिसेंबर १९३८ मध्ये हिमलरच्या हुकुमाने जर्मनीतील सर्व ज्यूंचे वाहनपरवाने रद्द झाले. हुकुमाचे कारण वाचण्यासारखे आहे. ज्यू अविश्वसनीय असल्याने त्यांनी चाकामागे बसू नये, आणि त्यांच्या वाहन चालविण्याने ‘जर्मन वाहतूक-समाजा’चा अपमान होतो, असे त्यात म्हटले होते. मूळ शब्द ‘फेर्केअर्सगेमाइनशाफ्ट’. नाझींच्या आवडत्या ‘फोल्क्सगेमाइनशाफ्ट’, म्हणजे राष्ट्र-समाज, या शब्दाच्या साच्यात तो घडविलेला आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनांचा समाज ही कल्पनाच मुळी हास्यास्पद. परंतु त्या समाजातून कोणाला तरी हाकलता येते एवढ्यासाठी तो शब्द जन्मास आला. त्या ‘समाजा’चे शिक्षण करणारी, चौकाचौकांतून उभी राहणारी शाखा मोटार-दलातच होती, आणि तिच्या माणसांनी गळ्यात साखळीने अडकविलेला धातूचा पट्टा आज संग्राहकांत विशेष मोलाचा समजला जातो. साखळीच्या कड्या मूळच्या आहेत की नाहीत याची चर्चा नोंदीत असते.

मोटार-दलाने प्रत्यक्षात काय केले याचा पुरावा आता उपलब्ध आहे. जर्मन इतिहासकार डोरोथे होखश्टेटर यांच्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विस्तृत प्रबंधानंतर ‘नुसते मोटारवाले’ ही भूमिका घेणे कठीण झाले आहे. नोव्हेंबर १९३८ च्या ज्यूविरोधी हिंसाचारात या दलाचे लोक होते. युद्धकाळात दलाने सैन्याची व बांधकामाची वाहतूक केली, आणि पूर्वेकडील व्याप्त प्रदेशांत ज्यूंच्या हद्दपारीत व हत्यांतही त्याच्या माणसांचा सहभाग होता. न्यूरेंबर्ग येथे गुन्हेगार संघटना म्हणून ज्या सहा गटांवर आरोप ठेवण्यात आले त्यांत हे दल नव्हते. संग्राहकांच्या बोलण्यात या गोष्टीचा दाखला निर्दोषत्वाचा म्हणून दिला जातो. पण आरोपपत्रात नाव नसणे आणि कृत्य नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दोस्त राष्ट्रांच्या नियंत्रण मंडळाने १० ऑक्टोबर १९४५ च्या कायद्याने विसर्जित केलेल्या संघटनांच्या यादीत मात्र हे नाव आहे.

एवढे सांगितल्यावर संग्राहकांच्या ज्ञानाला त्याचे श्रेय न देणे अन्यायाचे होईल. वस्तूवर असलेल्या सूक्ष्म खुणा वाचण्याचे त्यांचे कौशल्य अनेक प्राध्यापकी इतिहासकारांत नाही. पक्षाच्या सर्व सरंजामाचे उत्पादन नियंत्रित करणारी एक मध्यवर्ती कचेरी म्यूनिच येथे होती. परवानाधारक कारखान्यांना ती सांकेतिक क्रमांक देई. ‘एम ७’ हा गट खंजिरांचा, आणि त्यापुढील आकडा कारखान्याचा. या क्रमांकांचा उलगडा संग्राहकांनी चिकाटीने केला. त्यातून हे दिसते की पक्षाचे चिन्ह हा एक मोठा धंदाही होता, आणि झोलिंगेनच्या पोलाद-कारागिरांना त्याने काम पुरविले.

त्याहून मोलाचे उदाहरण रोमच्या खंजिरांचे. मोटार-दलाच्या सभासदांचा खंजीर एस. ए. दलाच्याच घडणीचा, आणि १९३४ च्या उन्हाळ्यापर्यंत ते दल एस. ए.च्याच छायेत होते. एस. ए.चा प्रमुख एर्न्स्ट रोम याने जुन्या सभासदांना १९३४ मध्ये जे खंजीर दिले त्यांच्या पात्यावर ‘हार्दिक मैत्रीभावाने’ अशा अर्थाची ओळ व त्याची सही कोरलेली होती. ३० जून १९३४ ला सुरू झालेल्या हत्यासत्रात रोम मारला गेला, आणि मग ती अक्षरे घासून काढण्याचा आदेश निघाला. ऑगस्टमध्ये मोटार-दल स्वतंत्र झाले. संग्राहक आज पूर्ण लेखाचे, अर्धवट घासलेले आणि पूर्ण घासलेले असे खंजीर वेगळे ओळखतात. काहींनी नुसते नाव घासले, मैत्री राहू दिली! घासण्याच्या रेषा उभ्या की आडव्या, यंत्राच्या की हाताच्या, यांवर ते तासन् तास बोलू शकतात. हस्तलिखितातील खोडलेल्या पाठाचे वाचन करणाऱ्यास ही शिस्त परकी वाटणार नाही. आणि येथे संग्राहकांच्या भाषेलाही क्रियापद सापडते: कोणीतरी भीतीने घासले. वस्तूवर क्रियेची खूण उमटली असेल तर ते क्रियेविषयी बोलतात. ज्या क्रियांची खूण वस्तूवर राहत नाही, त्यांच्याविषयी त्यांची भाषा मुकी होते.

सत्यतेचा हा एकांगी ध्यास कोठवर जातो याचे विनोदी उदाहरण १९८३ मध्ये सर्व जगाने पाहिले. श्टुटगार्टचा कोन्राड कुयाऊ हा नाझी स्मृतिचिन्हांचा विक्रेता संग्राहकांसाठी खोट्या वस्तू व त्यांना जोडण्यासाठी खोटी प्रमाणपत्रे करता करता हिटलरच्या रोजनिशीपर्यंत पोचला, आणि ‘श्टेर्न’ साप्ताहिकाने ९३ लक्ष मार्क मोजले. एका वहीच्या मुखपृष्ठावरील जुन्या जर्मन वळणाच्या अक्षरांत ‘ए’ ऐवजी ‘एफ’ लावले गेले होते, तेही कोणाच्या डोळ्यांत भरले नाही. लिपीचा अभ्यास केलेल्या कोणाही विद्यार्थ्याने तेथे थांबावयास हवे होते.

कायद्याने या भाषेत आणखी एक सूत्र आणले आहे. जर्मन दंडसंहितेच्या ८६-अ कलमानुसार नाझी संघटनांची चिन्हे जाहीरपणे वापरता वा प्रसृत करता येत नाहीत. कला, विज्ञान, संशोधन, अध्यापन अशा प्रयोजनांना त्यात अपवाद आहे. म्हणून जर्मन लिलावगृहे ग्राहकाकडून असे निवेदन घेतात की, वस्तू केवळ शास्त्रीय वा ऐतिहासिक अभ्यासासाठी घेतली जात आहे. जे. एल. ऑस्टिन यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत अशा उक्तींचे विवेचन केले आहे की ज्या केवळ माहिती देत नाहीत, तर उच्चारताच कृती घडवितात. लिलावगृहातील हे निवेदन त्याच जातीचे. त्यावर सही केल्याने ग्राहक संशोधक ‘होतो’. पण अशी उक्ती यशस्वी होण्यासाठी तीमागे योग्य परिस्थिती असावी लागते, असेही ऑस्टिन सांगतात. संशोधन म्हणजे प्रश्न, आणि ज्या नोंदीच्या आधारे ही वस्तू घेतली जाते तीत प्रश्नाला वाव नसतो. मोटार-दलाच्या खंजिराच्या पात्यावर कोरलेले ‘आलेस फ्यूर डॉइचलान्ड’, म्हणजे ‘सर्व काही जर्मनीसाठी’, हे तीन शब्दही या कलमाखाली येतात. २०२१ मध्ये एका भाषणात ते वापरल्याबद्दल ए. एफ. डी. पक्षाचे नेते ब्यर्न ह्योके यांना मे २०२४ मध्ये हाले येथील न्यायालयाने १३,००० युरो दंड ठोठावला. ते पूर्वाश्रमीचे इतिहासशिक्षक. ही एस. ए.ची घोषणा असल्याचे आपणास ठाऊक नव्हते, असा त्यांचा बचाव. तीन निष्पाप शब्द. त्यांना अर्थ दिला तो ज्यांनी ते कमरेला बांधले त्यांनी. कोशात तो अर्थ सापडणार नाही, पात्यावर सापडतो, आणि म्हणून असे पाते नष्ट करा असे प्रस्तुत लेखक म्हणणार नाही.

प्रश्न उरतो तो नोंदीचा. आरंभीच्या नमुन्यात ‘तत्कालीन शाईत नाव’ असे शब्द आले होते. नाव असलेली वस्तू अधिक किमतीला जाते, कारण नाव हा अस्सलपणाचा पुरावा होतो. नावाचा दुसराही उपयोग आहे. अमेरिकनांनी बर्लिनमध्ये जपलेले नाझी पक्षाचे सभासदपत्रक व व्यक्तिगत कागदपत्रे १९९४ मध्ये जर्मन संघराज्याच्या अभिलेखागाराकडे आली, आणि तेथे नावावरून चौकशी करता येते. मग नोंद अशीही लिहिता येईल: ‘हे शिरस्त्राण ... या गावच्या ... याने वापरले. तो व्यवसायाने ... होता. ... साली तो दलात शिरला. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्याची तुकडी ... येथे होती. १९४१ नंतर त्याने ... येथे गाडी चालविली. काळे चामडे, अस्तर पूर्ण, कसर नाही.’ यांतील बहुतेक जागा रिकाम्याच राहतील, आणि रिकाम्या म्हणून त्या छापाव्या लागतील. मात्र अस्तरावर आडनावाबरोबर तुकडीचा क्रमांकही शाईने लिहिलेला असेल, तर निदान पहिल्या दोन-तीन जागांसाठी बर्लिनला एक पत्र टाकून पाहण्यास हरकत नाही.